कीबोर्ड इंटरफेसला जोडला पण बास आणि तबला गायब, काय करावं?

अशोकचौक_कीबोर्ड

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळात मी कीबोर्ड वाजवतो. आषाढीच्या आधी काही अभंगांचे ट्रॅक चांगल्या क्वालिटीत रेकॉर्ड करून गायकांना द्यायचेत, म्हणजे त्यांना घरी रियाज करता येईल. घर अशोक चौकाच्या मागं, भिंतीला लागून यंत्रमाग, त्यामुळं स्पीकरसमोर माइक ठेवून काही उपयोग नाय, अभंगाच्या आधी मागाची खटखटच रेकॉर्ड होते. म्हणून वायरनंच घ्यायचंय.

आधी कीबोर्डच्या मागची यूएसबी लॅपटॉपला लावली, प्रिंटरला असते तसली चौकोनी पिनवाली वायर, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड दाबलं तर कीबोर्डचं काहीच येईना, रेघ सरळच्या सरळ. मग दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (वायरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) घेतला आणि कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ पी ३८ ची (जाड पाव इंची पिनवाली) वायर इंटरफेसच्या एक नंबरला लावली. आता आवाज येतोय पण एकदम पोकळ, स्ट्रिंग्ज आणि रिव्हर्ब (घुमारा) तेवढे ऐकू येतात, रिदममधला तबला आणि बास जवळजवळ गायब. तिथंच हेडफोन लावला की सगळं मस्त ऐकू येतं! इंटरफेस खराब निघाला का? दुकानदार म्हणतो बदलून मिळणार नाही. शिवाय चार्जर लावला की मागं घूंऽऽ चालूच. कीबोर्डला वेगळं लाइन आउट नाही, फोन्स/आउटपुट असं एकच भोक आहे. कृपया सांगा, फार अडलंय.

काळी_चार

दादा इंटरफेसला काही झालेलं नाही, वायर चुकीची लागलीय. हेडफोनच्या भोकातून एकाच पिनवर दोन आवाज येतात, टोकावर डावा आणि रिंगवर, म्हणजे टोकामागच्या कड्यावर, उजवा. इंटरफेसचं लाइन इनपुट मात्र बॅलन्स्ड असतं, म्हणजे ते टोकावरच्या सिग्नलमधून रिंगवरचा सिग्नल वजा करतं, कारण खऱ्या बॅलन्स्ड जोडणीत रिंगवर तोच सिग्नल उलटा आलेला असतो आणि वाटेत शिरलेला नॉइज त्या वजाबाकीत कटतो. तुमच्याकडं रिंगवर उलटा सिग्नल नाहीच, उजवा चॅनेल आहे. मग जे दोन्ही बाजूंना सारखं आहे, म्हणजे बास, तबला, ढोलकी, ते सगळं वजा होऊन शून्य, आणि उरतो फक्त डाव्या-उजव्यातला फरक, म्हणजे नेमका तुमचा पसरलेला रिव्हर्ब आणि स्ट्रिंग्ज.

साउंडवाल्याकडं जाऊन एक स्टिरिओ पी ३८ टू दोन मोनो पी ३८ अशी वाय केबल मागा, तयार नसेल तर समोर बसून सोल्डर करून घ्या, शील्डवाली वायर, दोन-तीन मीटर पुरे. दोन्ही मोनो पिना इनपुट १ आणि २ ला. इन्स्ट्रुमेंटचं बटण असेल तर ते बंद म्हणजे लाइनवर, ४८ व्होल्टचं (माइकला वीज देणारं) बटण पण बंद. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक स्टिरिओ करा, मोनो ठेवलात तर पुन्हा अर्धंच येईल. कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊणच्या आसपास ठेवा, कारण तो फार कमी ठेवून इंटरफेसचा गेन (इनपुटचा आवाज वाढवायचं बटण) वाढवला की सूं असा आवाज पण वाढतो. मग अभंगातली सगळ्यात जोराची जागा वाजवून बघा, मीटर उणे १२ डीबीच्या आसपास राहू दे. २४ बिटवर घेतलंत तर एवढी जागा वर सोडून क्वालिटीत काही कमी होत नाही, पण एकदा लाल लागून आवाज फुटला की तो नंतर नीट होत नाही.

जुळे_सोलापूर_साउंड

भावा वरचं सगळं बरोबर आहे. घूंचं सांगतो. चार्जर काढ आणि लॅपटॉप बॅटरीवर चालव, आवाज गेला की समज ग्राउंडचा लोचा आहे, चार्जरकडनं येणारा करंट वायरीच्या शील्डवरून कीबोर्डपर्यंत फिरलालाय. एकेक अभंग असाच बॅटरीवर घे की, तेवढी बॅटरी कुठल्याही लॅपटॉपला पुरते. कीबोर्ड सेलवर चालत असेल तर तो पण सेलवर टाक. कायमचं पाहिजे असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला स्टिरिओ डीआय बॉक्स (दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणारी डबी) मधे टाकायचा. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नको, साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची खरखर लगेच आत शिरते.

अर्थिंगची पिन तोड म्हणून सांगणारे लई भेटतील, अजिबात ऐकू नको. शॉक बसला तर जिवाशी येईल.

सुरावट

यूएसबीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. बहुतेक कीबोर्डच्या यूएसबीतून आवाज जातच नाही, मिडी जातं, म्हणजे कुठली पट्टी दाबली, किती जोरात आणि किती वेळ, एवढीच माहिती. ऑडॅसिटी मिडी रेकॉर्ड करत नाही म्हणून तुम्हाला सरळ रेघ दिसली. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकून बघा, ६० दिवस ट्रायल मिळते, त्यात मिडी आणि ऑडिओ दोन्ही होतं. काही मॉडेल मात्र यूएसबीतून ऑडिओ पण देतात, उदाहरणार्थ यामाहाचा पीएसआर-ई४७३, त्यातून ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओ थेट लॅपटॉपमध्ये येतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये यूएसबी ऑडिओ असं लिहिलंय का नीट बघा, असेल तर इंटरफेस आणि घूं दोन्ही प्रश्न मिटले.

अशोकचौक_कीबोर्ड

मंडळी खूप खूप आभार!! वाय केबल करून घेतली आणि तबला, बास सगळं परत आलं, डग्ग्याची घुमक आता हेडफोनमध्ये ऐकू येते तशीच रेकॉर्ड होतेय. बॅटरीवर घूं पण गेली. मॅन्युअल बघितलं, आमच्यात यूएसबी ऑडिओ नाही, मिडीच आहे. आता एक नवीन अडचण. आमच्या मुख्य गायकांना काळी चारचा सूर जमतो पण दुसरे आहेत त्यांना त्याच्या लगतची खालची पांढरी पाच पाहिजे. प्रत्येक अभंग दोनदा वाजवायचा का?

सुरावट

नाही, इथंच मिडी कामाला येतं. इंटरफेस आहे तसाच राहू दे, कीबोर्डची यूएसबी पण लावा आणि रीपरमध्ये एकाच वेळी दोन ट्रॅक घ्या, एक ऑडिओ एक मिडी. मिडी ट्रॅकचं मॉनिटर (आलेले सूर लगेच पुढं पाठवणारं बटण) बंद ठेवा, नाहीतर तेच सूर परत कीबोर्डकडं जाऊन दोनदा वाजतात. नंतर मिडीतले सगळे सूर एक सेमीटोन, म्हणजे लगतच्या एका पट्टीनं, खाली करा, ट्रॅकचं आउटपुट कीबोर्डला द्या, म्हणजे कीबोर्ड स्वतःच्याच आवाजात पांढरी पाचमध्ये वाजवेल आणि तुम्ही इंटरफेसमधून ते रेकॉर्ड करून घ्यायचं. तयार ऑडिओ सॉफ्टवेअरनं खाली ओढण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ येतं.

फक्त मिडीत रिदम पण आला असेल तर १० नंबरच्या चॅनेलला हात लावू नका. तिथं प्रत्येक पट्टी म्हणजे एकेक वेगळं वाद्य असतं, खाली सरकवलं की तबल्याच्या बोलाच्या जागी भलतंच वाजेल.