एकांकिकेची ऑडिओ मालिका करताना काय बदलावं? आणि करारात काय बघावं?

गोदाकाठ, परभणी
४५ मिनिटांची एकांकिका आहे, चार पात्रं, शेतीच्या वाटणीवर. एका ऑडिओ ॲपला १५-१५ मिनिटांचे तीन भाग हवेत. रंगसूचना काढून संहिता तशीच द्यावी का? करारात ‘सर्व माध्यमांतील हक्क, कायमस्वरूपी’ असं आहे. नोकरी सोडून यावर पोट भरेल का, हेही सांगा.

नभोवाणी
तशीच देऊ नका. मराठी संवाद मिनिटाला साधारण १२०-१३० शब्दांनी चालतो. संगीत आणि थांबे धरून १५ मिनिटांच्या भागाला १६००-१७०० शब्द पुरतात. आधी तुमच्या संहितेतले नुसते संवाद मोजा. रंगमंचावरची ४५ मिनिटं बरीचशी हालचालींत जातात, त्यामुळे तिसरा भाग कमी पडण्याचीच शक्यता जास्त.

नजरेवर चालणारी प्रत्येक जागा नव्याने लिहावी लागते. मंचावर बाप सातबारा घेऊन दारात उभा राहिला की काम झालं. ऑडिओत नवखा लेखक लिहितो, “बाबा, तुमच्या हातात हा सातबारा कशाला?” असं घरात कुणी बोलतं का! त्याऐवजी बापाला वाचू द्या: “गट नंबर एकशे बारा... ह्ये नाव कुणाचं चढलंय बग.” कागद आला, भांडणही आलं.

आवाजांवर फार भिस्त नको. माईकवर पाऊस आणि कढईतलं तळण सारखंच ऐकू येतं. आधी किंवा लगेच नंतर संवादातून खूण द्या, मग कान फसत नाही. गप्प पात्र अर्ध्या पानात श्रोत्याच्या लेखी निघून गेलेलं असतं. त्याला खोकू द्या, नाहीतर कुणीतरी नावाने हाक मारा. दोन भाऊ एकाच वयाचे असतील तर एकाला तुटक बोलायला लावा, दुसऱ्याला पाल्हाळ. नुसत्या “काय करायलास” अशा बोलीने दोघं वेगळे वाटणार नाहीत, कारण ते दोघंही तेच म्हणणार.

संहिता_वाचक
वरच्यात भर. संवाद आणि ध्वनिसूचना, दोन्हींना सलग क्रमांक द्या. रिटेक घेताना “३४ पासून” एवढं म्हटलं की काम होतं. कागद एकाच बाजूने छापा आणि वाक्य पुढच्या पानावर नेऊ नका. पान उलटल्याचा आवाज नेमका हळव्या वाक्यात येतो. फाइल युनिकोडमध्ये, सोबत पीडीएफ. जुन्या फाँटमधली संहिता समोरच्याकडे खिचडी होऊन उघडते.

कलम१९
गोदाकाठ दादा, त्या ओळीवर सही करू नका. फक्त ऑडिओचे हक्क, ठरावीक वर्षांसाठी, असं लिहून घ्या. रंगमंच, चित्रपट, अनुवाद तुमच्याकडे. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, क्षेत्र लिहिलं नसेल तर भारत. दिलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. बहुतेक छापील करारांत ते वेगळं लिहिलेलं असतंच, तेवढी ओळ शोधा.

उद्या एखाद्या संघाने हीच एकांकिका मागितली तर परवानगीपत्र तुम्हीच द्यायचं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्रही लागतं.

नभोवाणी
नोकरीचं राहिलं. नाटककार दत्ता भगत नांदेडात शिकवत लिहीत राहिले, अजित दळवी औरंगाबादेत प्राध्यापकी करत. औरंगाबादच्याच ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेवाल्यांनी मुंबई गाठली. पहिली, नोकरी सांभाळून लिहिण्याची वाट स्वस्त आहे. दर भागाचं मानधन किती आणि रेकॉर्डिंगनंतर किती दिवसांत, हे आकड्यात लिहून येईपर्यंत राजीनामा खिशातच ठेवा.

गोदाकाठ, परभणी
संवाद मोजले. ३१०० शब्द.

नभोवाणी
मग दोनच भाग मागा. तिसरा ओढूनताणून लिहिलात तर वाटणी दोनदा होईल.