जिना चढताना वाय-फायवरचा कॉल तुटतो: दोन राउटर, एकच नाव

प्रश्न

रत्नागिरीजवळच्या आमच्या दुमजली घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि जाड असल्याने तळमजल्यावरील फायबर राउटरचा सिग्नल माडीवर फार क्षीण होतो. म्हणून माडीवर केबल नेऊन दुसरा राउटर बसवला आणि दोन्हींना एकच नाव व एकच पासवर्ड दिला. तरीही जिना चढून गेल्यावर फोन बराच वेळ खालच्याच राउटरला धरून राहतो, आणि अखेर वरचा राउटर पकडतो तेव्हा चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो. ८०२.११आर (एका राउटरवरून दुसऱ्यावर झटपट जाण्यासाठीचे वाय-फाय मानक) असलेली नवी उपकरणे घेतल्यास हे थांबेल का?

पहिले उत्तर

खरेदीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या तक्रारी दोन आहेत: फोन उशिरा बदलतो ही एक आणि बदलताना कॉल तुटतो ही दुसरी. त्यांची कारणे बहुधा वेगळी आहेत. फोनच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता आधी खाली आणि मग माडीवर पाहावा. खाली १९२.१६८.१ ने आणि वर १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर वरचा राउटर स्वतःचे वेगळे नेटवर्क चालवत आहे. पत्ता बदलला की जुनी जोडणी तुटते, आणि त्यावर ८०२.११आरचा काहीही उपयोग नाही. वरच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावे, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न चालवता खालच्याच नेटवर्कचे वाय-फाय पुरवील. ती सोय नसेल तर त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करून, त्याला खालच्या नेटवर्कमधला मोकळा पत्ता देऊन, केबल वॅनऐवजी (इंटरनेट आत येण्याच्या पोर्टाऐवजी) लॅन पोर्टात (घरातली उपकरणे जोडण्याच्या पोर्टात) लावावी.

प्रश्नकर्ता

पत्ते खरोखरच वेगळे होते. ॲक्सेस पॉइंट मोड लावल्यापासून कॉल तुटत नाही. मात्र माडीवर पोहोचल्यावरही फोन खालच्या राउटरलाच धरून राहतो आणि तेवढा वेळ चित्र गोठते.

दुसरे उत्तर

कधी बदलायचे हे फोन ठरवतो. राउटर फार तर सुचवू शकतो किंवा जोडणी तोडू शकतो. ॲपलने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) खाली गेल्यावरच दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधू लागतो, आणि डेटाची देवाणघेवाण चालू असेल तर नवा सिग्नल ८ डीबीने, नसेल तर १२ डीबीने सरस असावा लागतो. म्हणजे माडीवर खालचा सिग्नल उणे ६८ इतका मिळत असेल, तर शेजारी उणे ४० असूनही फोन हलणार नाही. त्यामुळे खालच्या राउटरची प्रक्षेपणशक्ती, विशेषतः २.४ गिगाहर्ट्झवरची, कमी करून पाहावी. हा उपाय अनेकांना उलटा वाटतो, पण फोनचा आवाज, म्हणजे त्याचा सिग्नल, राउटरपेक्षा दुबळा असतो: राउटर फोनला ऐकू येत असताना फोन राउटरला नीट ऐकू येत नाही, आणि पुरेशा कांड्या दिसत असूनही बोलणे तुटक होते. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १ आणि दुसऱ्याला ११ हे चॅनेल द्यावे. ५ गिगाहर्ट्झवर ३६ आणि १४९ ठेवावेत. रडारसोबत वापरल्या जाणाऱ्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर फोनला आपणहून विचारणा करता येत नाही, बीकनची (राउटर ठरावीक वेळाने स्वतःहून पाठवतो त्या संदेशाची) वाट पाहावी लागते, आणि शोध लांबतो.

तिसरे उत्तर

८०२.११आर २००८ सालचे आहे आणि ते नव्या ॲक्सेस पॉइंटशी होणारी सुरक्षेच्या सांकेतिक किल्ल्यांची (एन्क्रिप्शन की) देवाणघेवाण आटोपशीर करते. ज्या कार्यालयांत प्रत्येक बदलाला रेडियस सर्व्हरकडे (वापरकर्त्यांची ओळख तपासणाऱ्या मध्यवर्ती संगणकाकडे) ओळख पटवावी लागते तिथे हा लाभ मोठा आहे. साध्या पासवर्डच्या घरगुती नेटवर्कवर तो फारसा जाणवत नाही, आणि काही जुने प्रिंटर तर ते सुरू असताना जोडलेच जात नाहीत. आपल्या राउटरमध्ये ८०२.११के आणि ८०२.११व्ही असतील तर ते आधी सुरू करावेत, कारण पहिले फोनला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटांची यादी देते आणि दुसरे बदलाची सूचना. शक्ती कमी करताना मात्र अंदाजाने करू नये: अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत वाय-फायचे सविस्तर लॉगिंग चालू केल्यास यादीतच डीबीएमचे आकडे दिसतात. जिन्याच्या वरच्या पायरीवर खालचा सिग्नल उणे ७५ च्या आसपास आणि वरचा उणे ६० किंवा त्याहून चांगला येईपर्यंत शक्ती एकेक टप्प्याने उतरवावी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोल्याही तपासाव्यात.