वेड्या राघूंसाठी नवी दरड कापायची आहे, मदत हवी आहे

सांगलीजवळ कृष्णाकाठी वीटभट्टीसाठी माती काढलेल्या उभ्या दरडीत वेड्या राघूंची बिळं आहेत. चोचीत चतुर धरून जोड्या सारख्या आत शिरतायत, म्हणजे पिल्लं असणारच. आमच्या पक्षी मंडळाने विनंती केल्यावर जमीनमालकांनी ही बाजू जूनपर्यंत न तोडण्याचं कबूल केलं. फार मोलाचं आहे हे! पुढच्या हंगामात मात्र ती माती निघणारच. जागा खासगी, विकत घेणं मंडळाला झेपणारं नाही. शेजारीच नवी उभी दरड कापून द्यायला मालक तयार आहेत. माती तीच, पोयट्याची. पण पुराचं पाणी तिथंही चढतं.

अशी मुद्दाम कापलेली दरड वेड्या राघूंनी वापरल्याचं कुणी पाहिलंय का? उंची किती ठेवावी, आणि पूर ओसरल्यावर लगेच कापावी की विणीच्या तोंडावर, फेब्रुवारीत?