केजीएफचं न्यूटन करताना १० की ९.८१? पार्टी माल परत पाठवतेय

स्प्रिंगवाला_माकरपुरा
नमस्कार मंडळी, बडोद्याच्या माकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघतो, कॉम्प्रेशन स्प्रिंग बनतात आमच्याकडे. लोड टेस्टर जुना आहे, डायलवर फक्त किलो, म्हणजे केजीएफ (किलोग्रॅम-फोर्स). नवीन पार्टीच्या ड्रॉइंगवर मात्र सगळं न्यूटनमध्ये, ४० एमएम लांबीपर्यंत दाबल्यावर २४५ न्यूटन, प्लस मायनस ५ टक्के. शेठ म्हणतात सरळ दहाने भाग, साडेचोवीस किलोच्या आसपास आला की पास, आजवर असंच चाललंय. आता या लॉटमधले बरेच पीस पार्टीने लोड कमी म्हणून परत पाठवलेत आणि तेच पीस आमच्या टेस्टरवर लावले तर पास येतात!! टेस्टरचं कॅलिब्रेशन झालेलं आहे, सर्टिफिकेट आहे. मग घोळ दहाचा का? ९.८१ आणि १० मध्ये २ टक्क्यांचा तर फरक, त्याने एवढं होतं का? आणि जाता जाता, भाच्याच्या फिजिक्सच्या पुस्तकात डाइन हे फोर्सचं जुनं एकक आहे, ते अजून कुणी वापरतं का हो, तो माझं डोकं खातोय.

दांडियाबाजारकर
घोळ दहाचाच आहे दादा. २ टक्के कमी वाटतात पण तुमची टॉलरन्सच ५ ची आहे, त्यातले २ तुम्ही आधीच उडवून बसलात. आकडे मांडून बघा ना. पार्टीची लिमिट २३२.७५ ते २५७.२५ न्यूटन. खरं रूपांतर केलं, म्हणजे ९.८०६६५ ने भागलं, तर २३.७३ ते २६.२३ किलो. तुम्ही दहाने भागून धरताय २३.३ ते २५.७ किलो. म्हणजे २३.३ ते २३.७ मधला पीस तुमच्याकडे पास आणि पार्टीकडे नापास, कारण २३.३ किलो म्हणजे २२८.५ न्यूटनच होतात. आणि दुसरी बाजू कुणी बघतच नाही, २५.७ ते २६.२ मधले चांगले पीस तुम्ही स्वतः लोड जास्त म्हणून भंगारात टाकताय. शेठना माल परत आल्यापेक्षा हे जास्त लागेल, त्यांना आधी हेच सांगा.

तोंडी करायचं असेल तर किलोचे न्यूटन करताना दहाने गुणा आणि २ टक्के कमी करा. २५ किलो, २५०, वजा ५, २४५. उलटं करताना दहाने भागा आणि २ टक्के वाढवा, २४५ चे साडेचोवीस, अधिक जवळजवळ अर्धा, २५. शॉप फ्लोअरवर एवढं पुरतं, रिपोर्टवर मात्र पूर्ण आकडा.

कलाभवन_जुना
वरचं अगदी बरोबर. थोडी भर घालतो. एक किलोग्रॅम-फोर्स म्हणजे ९.८०६६५ न्यूटन हा ठरवून दिलेला आकडा आहे, १९०१ च्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेला, न्यूटन हे नाव तर अधिकृतपणे १९४८ मध्ये आलं. तुमच्या टेस्टरसारख्या जुन्या जर्मन मशीनवर कधी केपी लिहिलेलं असतं, ते किलोपॉन्ड, म्हणजे केजीएफच, वेगळं काही नाही.

भाच्याला सांगा, एक न्यूटन म्हणजे एक लाख डाइन, आणि एक ग्रॅम-फोर्स म्हणजे साधारण ९८१ डाइन. आणि वापरतात हो! प्लास्टिक फिल्मवर प्रिंटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, पॉलिथिनवर शाई धरायला ३८ डाइन लागतं म्हणून कोरोना ट्रीटमेंट (फिल्मच्या पृष्ठभागावर विजेचा मारा) करतात आणि डाइन पेनने रेघ मारून बघतात, रेघेचे थेंब झाले की रोल परत ट्रीट करायचा. तिथे डाइन म्हणजे खरं तर पृष्ठभागाचा ताण, डाइन पर सेंटीमीटर, पण 'पर सेंटीमीटर' कोण म्हणतंय.

रावपुरा_राव
एक शंका. बडोद्यात जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) ९.८१ नाहीये ना, आपण विषुववृत्ताच्या जरा जवळ, इथे ९.७९ च्या आसपास येतो. मग ९.७९ ने नको का गुणायला?

कलाभवन_जुना
नाही राव, रूपांतराचा आकडा बडोद्यात, ग्वाल्हेरला, लंडनला एकच, जागेप्रमाणे बदलत नाही. जागेचा प्रश्न येतो तो टेस्टरला खरी वजनं टांगून चेक करताना. १० किलोचं वजन बडोद्यात टांगलं तर त्याचा फोर्स साधारण ९७.९ न्यूटन, ९८.०७ नाही. म्हणजे ०.२ टक्के. तुमचा टेस्टर १ टक्का अचूकतेच्या क्लासचा असेल तर त्यात हे बुडून जातं, कॅलिब्रेशनवाले त्यांच्याकडचा जी धरतात ते वेगळं. डायल बदलण्याआधी २ टक्क्यांचं भोक बुजवा, ०.२ चं नंतर.

स्प्रिंगवाला_माकरपुरा
धन्यवाद सगळ्यांना. परत आलेले पीस पुन्हा लावून बघितले, बहुतेक २३.४ ते २३.७ मध्येच बसतात, म्हणजे तुम्ही सांगितलं तेच. शेठना भंगारवाली गोष्ट सांगितल्यावर कॅल्क्युलेटर स्वतःच हातात घेतला त्यांनी. आता टेस्टरच्या काचेवर २३.८ आणि २६.२ ला लाल पट्टी चिकटवतोय, डायलवर रेघा १०० ग्रॅमच्याच आहेत म्हणून दोन्हीकडून आत घेतलं, चालेल ना? आणि गोडाउनमध्ये माल बांधायचा पट्टा आलाय त्यावर २५०० डीएएन छापलंय, हे काय नवीन?

दांडियाबाजारकर
चालेल, आत घेतलं तेच बरोबर, २३.८ म्हणजे २३३.४ न्यूटन आणि २६.२ म्हणजे २५६.९, दोन्ही लिमिटच्या आत. डीएएन म्हणजे डेकान्यूटन, १० न्यूटन, युरोपातल्या पट्ट्यांवर असतं. २५०० म्हणजे २५ किलोन्यूटन, आपले साधारण २५४९ किलो. इथे मात्र न्यूटनला दहाने भागून २५०० किलो म्हटलं तरी सेफ साइडला राहता.