जर्मनीला जाताना हातात कुठलं घड्याळ? बाबांचं एचएमटी की कॅसिओ?

राजेंद्रनगरी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट आहे पण आमच्या घरात यावरून तीन दिवस महाभारत चालू आहे म्हणून इथे टाकतोय. ऑक्टोबरच्या मध्यात मी आणि बायको मुलीकडे जर्मनीला चाललोय, तीन आठवडे, श्टुटगार्टजवळ राहते ती. इंदूर दिल्ली, दिल्ली फ्रँकफर्ट, पुढे रेल्वे.

घड्याळं माझ्याकडे चार. एक बाबांचं एचएमटी जनता, चावीचं, पांढरी डायल. बाबा रोज सकाळी पोह्यांची बशी समोर आली की आधी चावी द्यायचे, मग घड्याळ हातात, मग पोहे, तोपर्यंत कोणी बोललेलं चालायचं नाही. आता तेच मी करतो. दुसरं टायटन एज, मुलीच्या लग्नात व्याह्यांकडून आलेलं, इतकं पातळ की हातात आहे की नाही हे पण कळत नाही. तिसरं कॅसिओचं काळं प्लास्टिकचं एफ-९१, सकाळी फिरायला जाताना घालतो ते. आणि चौथं मुलानं वाढदिवसाला दिलेलं स्मार्टवॉच, जे रोज रात्री मोबाईलशेजारी झोपवावं लागतं, आणि त्याचा चार्जर पण वेगळाच.

मला न्यायचं आहे बाबांचं. बायको म्हणते हरवलं तर तुम्ही तीन आठवडे तोंड पाडून बसाल आणि मला स्वित्झर्लंड पण नीट बघू देणार नाही. तिचं चूक नाही.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. आई ८३ची आहे, ती इथेच राहणार, भाऊ वरच्या मजल्यावर आहे म्हणून तशी काळजी नाही. पण रात्री नऊची बीपीची गोळी ती न घेताच "घेतली" म्हणून सांगते, माझ्यासमोर घेतली तरच घेतली. म्हणून रोज इथल्या नऊला व्हिडिओ कॉल करायचा आहे. तर मला तिकडे फिरताना आपल्याकडे किती वाजलेत हे एका नजरेत कळलं पाहिजे, दर वेळी हे साडेतीन तास मोजत बसायचं माझ्याच्यानं होणार नाही. सांगा कोणतं नेऊ.

सराफा_रात्री११

भिया चारही घाला, दोन या हातात दोन त्या हातात, कस्टमवाले पण खूश :)

आता सीरियसली. कॅसिओ न्या बस. २०-२२ ग्रॅम वजन, एका सेलवर सात वर्षं चालतं, कोणी चोरणार नाही आणि चोरलं तरी रडू येणार नाही. माझं ऐका कारण मी भोगलंय. मागच्या वर्षी एका एअरपोर्टवर, कोणता ते जाऊ द्या, सिक्युरिटीला घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवलं, बेल्ट काढला, लॅपटॉप काढला, पाकीट काढलं, पलीकडे जाऊन सगळं आवरलं आणि घड्याळ ट्रेच्या कोपऱ्यात तसंच राहिलं. गेटवर जाऊन बसल्यावर मनगट बघतो तर पांढरा पट्टा, म्हणजे उन्हाचा, घड्याळाचा नाही. परत गेलो तर तो ट्रे ढिगात कुठे गेला देव जाणे. बायकोनं दिलेलं होतं. पुढचं लिहीत नाही.

तेव्हापासून एक नियम केलाय, लाइनीत उभं राहायच्या आधीच घड्याळ काढून बॅगेच्या चेनवाल्या खिशात टाकायचं. ट्रेमध्ये सुटं काहीच ठेवायचं नाही.

घड्याळवेडा_लोकमान्यनगर

राजेंद्रनगरी साहेब, वहिनी बरोबर बोलताहेत, पण कारण वेगळं आहे. हरवण्याचं सोडा. जनताच्या डायलवर बघा, पॅराशॉक लिहिलंय. म्हणजे धक्का सोसायची सोय आहे, पाण्याची नाही. मागचं झाकण दाबून बसवलेलं असतं आणि चावीच्या बाजूनं ओल आत जाते. तिकडे ऑक्टोबरात रिमझिम चालूच असते, बाहीच्या आत ओल, घरात हीटर, आत एकदा वाफ धरली की काट्यांना गंज आणि डायलवर डाग. आणि डायल गेली की गेली. एचएमटीनं १९६१ला बंगलोरला सिटिझनच्या मदतीनं घड्याळं करायला घेतली, आणि २०१६ला सरकारनं ती घड्याळ कंपनीच बंद करायचं ठरवलं. आता जे पार्ट मिळतात ते जुन्या घडीसाजांच्या डब्यातले, आणि "ओरिजिनल" म्हणून विकलेल्या निम्म्या डायली तर नव्यानं रंगवलेल्या.

बाकी घड्याळांवर ३० मीटर लिहिलेलं असतं त्यालाही भुलू नका, त्याचा अर्थ हात धुतले तर चालेल एवढाच. पोहायचं असेल तर निदान १०० लिहिलेलं पाहिजे. आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली तर कुठलंच नको, आतलं रबर त्यानं लवकर जातं. मी सेल बदलताना रबर तपासून घ्या म्हंटलं नाही, दुकानदारानं पण बघितलं नाही, आणि ओंकारेश्वरला घाटावर एक डुबकी मारून वर आलो तर काचेच्या आत दव. नर्मदामैया प्रसन्न झाली, घड्याळ नाही.

अजून एक, प्रवासात चावीच्या घड्याळाचा मोठा दुश्मन म्हणजे मॅग्नेट. बायकांच्या पर्सचं झाकण, मोबाईलचं फ्लिप कव्हर, हेडफोन, सगळीकडे आहे. माझं एचएमटी पायलट एका ट्रिपमध्ये रात्रभर हिच्या पर्समध्ये होतं, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं पुढे. आतली केसासारखी स्प्रिंग असते तिचे वेढे एकमेकांना चिकटतात मग बॅलन्सचं चाक भराभर हलतं आणि घड्याळ पळायला लागतं. शंका असेल तर होकायंत्राजवळ नेऊन बघा, सुई हलली की समजा. घडीसाजाकडे हे मॅग्नेट उतरवायची एक छोटी निळी डबी असते, बटण दाबून घड्याळ त्यावरून हळूच वर उचलतो, दहा सेकंदाचं काम.

एअरपोर्टच्या एक्सरेनं काही होत नाही बरं का, ते लोक उगाच घाबरतात.

प्राची_विजयनगर

काका एक मस्त ट्रिक सांगते, भारताचं घड्याळ उलटं धरलं की लंडनची वेळ दिसते!! इथे आठ वाजले असतील तर उलटं केल्यावर काटे अडीच दाखवतात. मी बहिणीकडे गेले होते डिसेंबरात तेव्हा सगळ्यांना दाखवून भाव खाल्ला. घड्याळ बदलायचीच गरज नाही

म्युनिकचा_इंदुरी

प्राची, ट्रिक खरी आहे पण ती साडेपाच तासांच्या फरकाची आहे, म्हणजे फक्त लंडन आणि ते पण फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात तेच लोक एक तास पुढे जातात की झालं. जर्मनीला तर कधीच लागू नाही.

राजेंद्रनगरी, तुमच्या साडेतीन तासात एक घोळ आहे तो आधी ऐका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथे तीनचे दोन होतात. म्हणजे तुमची ट्रिप अर्धी साडेतीन तासांची आणि अर्धी साडेचार तासांची. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आधी इथले संध्याकाळचे साडेपाच, आणि त्या रविवारपासून साडेचार. मी पहिल्या वर्षी हे विसरलो होतो आणि त्या रविवारी आईला एक तास उशिरा फोन केला, ती जेवून झोपली होती, वरून ओरडा पडला ते वेगळंच.

आता कोणी म्हणेल जीएमटी काट्याचं, म्हणजे दुसऱ्या देशाची वेळ दाखवणाऱ्या जादा काट्याचं घड्याळ घ्या. मी घेतलं होतं हौसेनं. तो चौथा काटा एकेक तासाच्या उड्या मारतो आणि आपलं घोडं अडलंय अर्ध्या तासात! म्हणजे काटा बघा आणि मग अर्धा तास मनात मिळवा, मग घेतलं कशाला. जगाचं ठरवताना आपला अर्धा तास कोणी मोजतच नाही. कॅसिओचं एई-१२०० त्यापेक्षा बरं, ४८ शहरं, त्यात दिल्ली आहे, अर्धा तास बरोबर धरतं, सेल दहा वर्षं, पाणी १०० मीटर. फक्त ते हिवाळी वेळेवर आपणहून जात नाही, बटण आपल्यालाच दाबावं लागतं.

पण तुम्हाला नवीन काही घ्यायची गरजच नाही. नीट ऐका. इथली वेळ तुम्हाला हातावर लागतच नाही. प्लॅटफॉर्मवर घड्याळ, चर्चवर घड्याळ, ट्रामच्या स्टॉपवर घड्याळ, मुलीच्या ओव्हनवर पण घड्याळ. आणि यातली बरीचशी जुळलेली असतात कारण फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगनला एक ट्रान्समीटर आहे, डीसीएफ७७ म्हणतात, तो वेळेचा सिग्नल सोडत राहतो आणि तो पकडणारी घड्याळं त्या रविवारी आपोआप मागे जातात. तुम्हाला जी वेळ कुठेच दिसणार नाही ती इंदूरची. तर हातातलं घड्याळ इंदूरवरच ठेवा, विमानात पण हात लावू नका. तिथे नऊ वाजले की हातावर नऊ. साडेतीन की साडेचार ही भानगडच संपली.

सराफा_रात्री११

एक नंबर. हे डोक्यातच नव्हतं आलं

पण ट्रेन पकडायची असेल आणि चुकून हातातलं बघितलं तर?

म्युनिकचा_इंदुरी

तर साडेतीन तास आधी स्टेशनवर पोचाल, जर्मन रेल्वेच्या लेटपणाचा हिशोब धरला तर ते पण कमीच :) काका, स्वित्झर्लंडला गेलात तर तिथल्या स्टेशनवरच्या घड्याळाखाली दोन मिनिटं उभे राहा. लाल सेकंदकाटा साडेअठ्ठावन्न सेकंदातच फेरी पूर्ण करतो आणि बारावर येऊन दम घेतो, मिनिटकाटा टक्कन पुढे गेला की मग परत निघतो. बायकोला शॉपिंग करू द्या, तुम्ही ते बघा.

आणि गिफ्ट म्हणून ते सिग्नलवालं भिंतीवरचं घड्याळ मात्र आणू नका. मी मामाला आणलं होतं. त्या बिचाऱ्याला इंदुरात सिग्नल कुठून मिळणार, सेल घातला की काटे गरागरा फिरून बारावर जाऊन उभे राहतात, वाट बघतात, आणि मग नाइलाजानं बारापासून चालू होतात. मामा सेल बदलायचा असेल तेव्हा दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना स्टूलवर चढून बसतो.

घड्याळवेडा_लोकमान्यनगर

वा. मामांना नमस्कार सांगा.

इंदूरच्या वेळेवर ठेवा म्हणताय तर एक गंमत सांगतो, इंदूरची वेळ आपल्या हातात कधी नसतेच. आपली सगळ्यांची वेळ मिर्झापूरकडच्या साडेब्याऐंशी रेखांशाची, आपला सूर्य तिच्यापेक्षा २६-२७ मिनिटं मागे. एके काळी शेजारच्या उज्जैनवरून अख्ख्या देशाचं पंचांग मोजायचे आणि आज आपण मिर्झापूरच्या हिशोबानं जेवतो. असो, विषयांतर झालं.

साहेब, महागडं घड्याळ नेणाऱ्यांनी जाताना कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं म्हणजे परत येताना "हे तिकडून घेतलं का" हा प्रश्न येत नाही. तुमच्या चारातल्या कुठल्यालाच त्याची गरज पडणार नाही, पण इथे वाचणाऱ्या कोणाला पडू शकते.

कुणाल_५६दुकान

मोबाईलमध्ये वर्ल्ड क्लॉक आहे, दिल्ली टाका, नऊचा अलार्म लावा, विषय संपला. घड्याळ घालतं कोण आजकाल

राजेंद्रनगरी

कुणाल बेटा, घालतो रे, आमच्या पिढीत हातात घड्याळ नसलं की पँट विसरल्यासारखं वाटतं. लहानपणी एम.जी. रोडवरून जाताना बाबा स्कूटर हळू करून गांधी हॉलच्या टॉवरशी आपलं घड्याळ जुळवायचे, मागे गाड्या हॉर्न देताहेत तरी. अलार्म पण लावीन म्हणा.

म्युनिकवाले भाऊ, तुमचं एकदम पटलं. काल रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. मी म्हंटलं वेळ इंदूरचीच ठेवायची तर मग बाबांचंच नेतो, त्याला इंदूरशिवाय दुसरं काही माहीतच नाही. बायकोनं घड्याळवेडा साहेबांची पाण्याची पोस्ट पुढे केली. मी म्हंटलं बरं, घरी कपाटात ठेवतो. तर आई, जी इतका वेळ टीव्ही बघत होती असं आम्हाला वाटत होतं, ती म्हणाली "तीन आठवडे बंद ठेवणार का ते? मी देईन चावी. इकडे आण."

मग बसून तिला शिकवायला गेलो तर तिनंच मला ऐकवलं, की तुझे बाबा टूरवर जायचे तेव्हा दुसरं घालून जायचे आणि याला चावी मीच द्यायची, अडेपर्यंत फिरवायची आणि अडली की जोर नाही करायचा, तुला कोणी सांगितलं हे. मला खरंच माहीत नव्हतं. आणि आता तिनं अट घातली आहे की रात्री नऊला व्हिडिओवर मी गोळी दाखवीन पण तू पण तुझं घड्याळ दाखवायचं, दोन्ही जुळतात का ते बघू.

तर फायनल, हातात कॅसिओ, इंदूरच्या वेळेवर, एकाही बटणाला हात न लावता. एज सूटकेसमध्ये, मुलीच्या सासरच्यांकडे एक जेवण आहे त्या दिवसापुरतं. स्मार्टवॉच इथेच. सिक्युरिटीच्या आधी घड्याळ चेनच्या खिशात, सराफावाले, लक्षात ठेवलंय.

सराफा_रात्री११

आणि भिया निघायच्या दिवशी एफ-९१चा दर तासाचा बीप बंद करा, विमानात सगळे झोपलेले असतात

राजेंद्रनगरी

तो बंद कसा करतात? सात वर्षं झाली, वाजतोच आहे.