मदत हवी आहे: सायप्रसचं बोन्साय आतून तपकिरी पडत चाललंय

नमस्कार मंडळी,

बोन्साय आणि शंकूधारी झाडांची माहिती असणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

माझ्याकडे गोल्डक्रेस्ट सायप्रसचं बोन्साय आहे. नर्सरीत 'गोल्डन सायप्रस' म्हणून मिळतं तेच, पोपटी-पिवळं, पान चुरडलं की लिंबासारखा वास येणारं. माझ्या मावशीने ते बरीच वर्षं सांभाळलं. मुलाकडे बंगळूरला कायमची राहायला गेली तेव्हा कुंडी माझ्या स्वाधीन केली. उंची दीड फुटाच्या आसपास, बुंधा अंगठ्याहून जाड, उथळ सिरॅमिकची कुंडी, तळाला दोन भोकं. मावशीचा जीव आहे या झाडावर आणि आता माझाही जडलाय, त्यामुळे काहीही करून ते वाचायला हवं.

आम्ही पुण्यात राहतो. गॅलरी पश्चिमेला, दुपारनंतर चांगलंच ऊन येतं. पावसाळाभर झाड मस्त होतं, टोकांना नवी फूटही आली होती. ऑक्टोबरची उन्हं तापायला लागली आणि खालच्या फांद्यांवर, बुंध्याच्या बाजूची पानं आधी निस्तेज, मग करडी, मग विटकरी झाली. हात लावला की चुरा पडतो. टोकं अजून हिरवी आहेत, पण ती तकाकी राहिलेली नाही. कठड्याकडच्या बाजूला जास्त आहे, आणि डावीकडची सगळ्यात खालची फांदी तर टोकापर्यंत गेलीये. पानांच्या बेचक्यात बारीक धूळ अडकल्यासारखी दिसते.

पाणी रोज सकाळी घालते, वरून मातीवर, खालून निथळेपर्यंत. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, कुंडीच्या काठावर पांढरे थर धरतात. खत बरेच दिवस दिलेलं नाही, कुंडीही बदललेली नाही.

नर्सरीवाल्यांनी फोटो बघून 'बुरशी आहे, औषध मारा' म्हटलं. एका ओळखीच्या काकांचं म्हणणं पाणी जास्त होतंय, शेजारच्या ताईंचं म्हणणं कमी पडतंय. तिघांचे तीन सल्ले, म्हणून अजून काहीच मारलेलं नाही. नेमकं कारण कसं ओळखायचं? आतली पानं वाळणं नैसर्गिकही असतं असं वाचलं, ते हे असू शकतं का? आणि आत्ता कुंडी बदलावी का?

प्रतिसाद

ताई, औषध मारलं नाहीत हे फार बरं केलंत. आधी तपासणी करू.

सायप्रस, जुनिपर, मोरपंखी या सगळ्यांमध्ये आतल्या भागाला ऊन पोचलं नाही की जुनी पानं वाळतात. ते नैसर्गिक आहे, पण ते झाडभर सारखं होतं आणि बाहेरची फूट टवटवीत राहते. तुमच्याकडे एका बाजूला जास्त आहे आणि टोकांची तकाकी गेलीये, म्हणजे हे निव्वळ तेवढं नाही. क्षारांनी सहसा टोकं आधी जळतात, तेही तुमच्याकडे दिसत नाही. माझा पहिला संशय कोळी किडीवर आहे, म्हणजे पानांचा रस शोषणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड. पाऊस थांबून कोरडी उष्णता आली की ती भराभर वाढते, आणि तुम्ही म्हणताय ती 'धूळ' बहुतेक तिचंच जाळं आणि काती असणार.

पांढरा कोरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर टिचक्या मारा. मिनिटभर कागदाकडे बघत राहा. ठिपके चालायला लागले तर बोटाने पुसा. तांबूस रेघ उमटली तर कोळी असण्याची दाट शक्यता.

दुसरी तपासणी मुळांची. उदबत्तीची सोललेली काडी एक कुंडीच्या कडेला आणि एक बुंध्याजवळ खोल खुपसून अर्ध्या तासाने काढा. कडेची ओली आणि मधली कोरडी निघाली तर पाणी मधल्या गोळ्यात शिरतच नाहीये. नर्सरीतल्या लाल मातीचा मूळ गोळा तसाच ठेवून बाहेरून भरड मिश्रण भरलेलं असलं की हे हमखास होतं. गोळा एकदा कडक वाळला की पाणी कडेने निसटून खाली जातं आणि आपल्याला वाटतं भरपूर घातलं. उलट दोन्ही काड्या चिकचिकीत आणि कुबट वासाच्या निघाल्या तर मुळं कुजताहेत असं समजा.

तिसरं, वाळलेल्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलं हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. सालीवर कुठे खोलगट चीर किंवा डिंक दिसतो का तेही बघा. तसं असेल तर बुरशीचा विचार करू.

एक लक्षात घ्या, शंकूधारी झाडं दुखणं उशिरा दाखवतात. मुळांना इजा झाल्यावरही पानं कित्येक आठवडे हिरवी राहू शकतात, म्हणून आज दिसणारा तपकिरी रंग मागच्या महिन्यातला असू शकतो. कुंडी आत्ता बदलू नका, खतही नको.

धागाकर्ती

खूप आभार, दादा! कागदावर ठिपके चालले आणि पुसल्यावर तांबूस रेघ आली. कडेची काडी ओली, मधली अगदी कोरडी. साल बहुतेक फांद्यांवर आतून हिरवी आहे; फक्त ती डावीकडची खालची फांदी बुंध्यापर्यंत तपकिरी निघाली. चीर किंवा डिंक कुठे नाही. आता क्रमाने काय करू?

प्रतिसाद

दोन्ही गोष्टी एकदमच चालू आहेत. तहानलेल्या झाडावर कोळी लवकर बसतात.

आधी पाणी. बादलीत कुंडी काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. काडी मधूनही ओली निघेपर्यंत एक-दोनदा करा. नंतर रोजचं वेळापत्रक सोडा आणि काडी बघून पाणी घाला, नाहीतर उद्या तीच मुळं कुजतील. काठावर थर धरताहेत तर पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी मिळालं की तेच वापरा. आरओचं बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार जास्त असतात.

त्याच दिवशी झाड आडवं धरून, माती फडक्याने झाकून, पानांच्या खालून आणि आतून जोरात पाण्याचा फवारा द्या. अर्धे कोळी तिथेच जातात. मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा. अंडी मागाहून फुटतात, म्हणून आठवड्याने पुन्हा, असं तीनदा तरी करायला लागेल. गंधक या उन्हात मारू नका, पानं भाजतात.

जागाही बदला. हे झाड मुळात कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या किनाऱ्यावरचं, उन्हाळ्यातही धुकं आणि गार वारा असलेल्या जागेचं. त्याला सकाळचं ऊन द्या, दुपारी हिरव्या जाळीची सावली आणि तापलेल्या कठड्यापासून लांब ठेवा.

तपकिरी पानं परत हिरवी होणार नाहीत, ती हलक्या हाताने झाडून काढा म्हणजे आत उजेड-वारा जाईल. पण हिरवा शेंडा असलेली एकही फांदी कापू नका, कारण सायप्रस पानं गेलेल्या जुन्या लाकडावर सहसा फुटत नाही. कुंडी बदलायचं फेब्रुवारीकडे बघू, तेव्हा तो मधला गोळा थोडा थोडा मोकळा करता येईल.

खालची फांदी मात्र गेली. ती बुडातून तोडू नका. दोनेक इंच ठेवून साल सोला आणि जिन करा, म्हणजे ते वाळकं लाकूड शोभेसाठी तसंच उघडं ठेवा, जुन्या बुंध्याला शोभून दिसेल. दोन आठवड्यांनी कागदाची तपासणी पुन्हा करा आणि शेंड्यांचा फोटो इथेच टाका.