साठीनंतर बायकांच्या प्रश्नांवर लिहायचे आहे, पण कोणत्या भाषेत?

प्रश्न

महसूल खात्यातून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली. नोकरीचा बराच काळ फेरफाराच्या नोंदी पाहण्यात गेला. वडील वारले की वारस म्हणून मुलींची नावे सातबाऱ्यावर चढत आणि थोड्याच दिवसांत बहिणींनी ‘राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता’ हक्क सोडल्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र टेबलावर येई. 1998 साली भावाच्या नावे तशी सही मी स्वतःही केली आहे. आता यावर लिहावेसे वाटते. पण लिहायला बसले की कार्यालयीन टिपणी उतरते आणि ती मोडून सजवायला गेले की महिला दिनाचे भाषण होते. शिवाय माहेर तुटण्याची भीती आहेच. या वयात स्वतःचा सूर सापडतो का?

प्रतिसाद 1

ताई, वयाची चिंता करू नका. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्या पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. त्यांचे वाचणे-लिहिणेही लग्नानंतरचे. शांताबाई कांबळे यांनी तर शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लेखणी हाती घेतली आणि 1986 साली पुस्तकाला नाव दिले ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. आयुष्यभर मुलांना प्रमाण मराठी शिकवलेल्या बाईंनी ‘माझ्या जन्माची’ असे लिहिले नाही, यातच मला तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिसते.

प्रतिसाद 2

वरील मताशी मी सहमत आहे, पण त्यावरून आपण बोलीच धरावी असे नाही. आपली बोली टिपणीची असेल, तर ती टाकू नका. ‘राजीखुशीने’ हा शब्द आपण शेकडो कागदांवर वाचलात. तो कोणाच्या तोंडचा होता, हे सांगायला आपल्याइतकी योग्य व्यक्ती क्वचितच मिळेल. त्या शब्दाशेजारी फक्त त्या दिवसाची हकीकत ठेवा: दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीला कोणी आणले, कागद वाचून दाखवला की नुसते बोट ठेवून सहीची जागा दाखवली, परतताना साडीचोळी झाली का. विशेषणे गाळा. कायद्याने सुरुवातही करू नका. 1994 साली महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळले, आणि ही अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली, हे महत्त्वाचे असले तरी वाचक त्या बहिणीत गुंतल्यावर दोन ओळींत सांगता येते. आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे: आपण सही करणाऱ्याही होता आणि नोंद करणाऱ्याही. दुसरी बाजू लपवलीत, तर भाषणच होईल.

प्रतिसाद 3

माहेरच्या भीतीबद्दल लिहिते. फलटणच्या बेबी कांबळे दुकानात बसून लिहीत आणि ते कागद घरच्यांपासून अनेक वर्षे दडवून ठेवत. ‘जिणं आमुचं’ त्यातूनच आले. मालती बेडेकरांनी 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने काढले. मात्र टोपणनावावर फार विसंबू नका, कारण गावात गट आणि बांध सांगितला की माणूस ओळखू येतो. इतरांच्या प्रकरणांतील गाव, नाते आणि क्षेत्र बदलाच, ती त्यांची खासगी बाब आहे. स्वतःच्या सहीबद्दल मात्र आडपडदा नको, आणि छापण्यापूर्वी भावाला वाचायला द्यायचे की नाही, हे लिहून झाल्यावर ठरवा. आधी ठरवलेत तर प्रत्येक वाक्य त्याच्यासाठीच लिहाल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. नोंद करणारी मीच होते, हे वाचून दोन दिवस वही उघडली नाही. आज सकाळी एवढे लिहिले: ‘सहीला जाताना भावाने मला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवले. त्यापूर्वी त्या सीटवर मी कधी बसले नव्हते. परत येताना कुठे बसले, ते आठवत नाही.’